कॅमेरा उघडणारे हात

आमच्या उस्मानाबादेत कॅमेरा बिघडला की तो आधी घड्याळवाल्याकडे जायचा. 'कॅमेरा रिपेअर' अशी पाटी लावलेलं दुकान माझ्या पाहण्यात गावात नव्हतं. सोलापूरला एसटीनं जाऊन कॅमेरा टाकायचा आणि पुन्हा जाऊन आणायचा, एवढी सवड फोटोवाल्याला ऐन लग्नसराईत कुठली? घड्याळवाल्याकडे डोळ्याला अडकवायचं भिंग असे, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि चिमटे असत, आणि आतली स्प्रिंग कुठल्या बाजूला उसळी घेईल याचा त्याच्या बोटांना अंदाज असे. तेवढ्या भांडवलावर तो याशिका उघडायला बसायचा. शाळा सुटली की मी त्याच्यासमोरच्या बाकड्यावर जाऊन बसे. जुने फिल्म कॅमेरे उघडायचे, साफ करायचे आणि पुन्हा चालते करायचे, हा माझा छंद त्या बाकड्यावर लागला.

तेव्हा दुरुस्ती पोटापाण्यासाठी होती, आज ती हौसेसाठी आहे. गावाचं नाव धाराशिव झालं, फोटो खिशातल्या फोनमध्ये आला, तरी कॅमेऱ्याच्या आतली ती चिमुकली चाकं आणि पाती आहेत तशीच आहेत. त्यांच्या निमित्तानं दोन्ही काळ शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात.

त्या काळी कॅमेरा घरोघरी नव्हता. एखाद्या गुरुजींकडे, बँकेतल्या साहेबांकडे, नाहीतर पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या काकांकडे 'आगफा क्लिक थ्री' असायचा. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला हा काळा, हलका कॅमेरा. त्यात 120 नंबरचा रोल बसे आणि त्यावर चौकोनी 12 फोटो निघत. फोकस करायची भानगड नव्हती. ऊन आहे की ढग आहे, एवढंच त्याला सांगायचं. पाठीवर लाल काचेची बारीक खिडकी होती. वरची चावी फिरवत राहायचं आणि रोलच्या पाठच्या कागदावर छापलेला पुढचा आकडा त्या खिडकीत आला की थांबायचं. चावी फिरवायची राहिली, तर आजोबा आणि बैलजोडी एकाच चौकटीत एकमेकांवर उमटलेले मिळत.

स्टुडिओवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे दोन लेन्सची याशिका असे. आधी 635, पुढं मॅट 124 जी. वरची लेन्स बघायला, खालची फोटो घ्यायला. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून दुधी काचेत पाहायचं. त्या काचेत डावं-उजवं उलट दिसतं. नवरी डावीकडे सरकली की काचेवर ती उजवीकडे जायची, पण फोटोवाल्याच्या हाताला ते इतकं अंगवळणी पडलेलं असे की त्याचं पाऊल कधी चुकत नसे. नंतर 'हॉट शॉट' आला, त्याच्या जाहिरातीतलं 'खटाक' पोराटोरांच्या तोंडी बसलं. त्यामागून याशिका एमएफ-2 आणि कोडॅक केबी-10 आले. ज्याच्या गळ्यात रशियन 'झेनिट' आणि त्यावरची हेलिओस लेन्स, त्याचा कॉलेजात वेगळाच रुबाब असे.

रोल मिळतील ते घ्यायचे. पूर्व जर्मनीचा 'ऑर्वो' असे, आणि आपल्या देशाचा 'इंदू' असे. 'इंदू' बनवणारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 1960 मध्ये उटीला उभी राहिली. हवा थंड, धूळ कमी, पाणी स्वच्छ, म्हणून फिल्मच्या कारखान्याला उटी मानवणारी जागा. तिथं तयार झालेली फिल्म मराठवाड्याच्या उन्हात येऊन आमच्या माणसांचे चेहरे टिपायची.

फोटो मोजून काढायचे, ही त्या काळाची पहिली शिस्त. बारा म्हणजे बारा. छत्तीसच्या रोलमधून सराईत माणूस सदतीस-अडतीस काढी आणि त्याचं त्याला समाधान असे. तुळजापूरला आईचं दर्शन झालं की कुटुंबाचा एक फोटो, येरमाळ्याला येडाईच्या चैत्री यात्रेत एक, मुलीचं स्थळ पाहायचं तर पोस्टकार्ड साइजची एक कॉपी. फोटोला उभं राहायचं म्हणून आजी नऊवारीचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करी. खटका दाबण्याआधी फोटोवाला दोनदा पाही, कारण चुकलेल्या फोटोचे पैसे त्याच्या अंगावर पडत. मग दिवसचे दिवस वाट. रंगीत रोल बाहेरगावी धुवायला जाई आणि तो येईपर्यंत स्टुडिओच्या चकरा चालत.

काळा-पांढरा रोल मात्र गावातच धुतला जाई, आणि खरं कसब तिथं होतं. डेव्हलपरची पुडी संपली की जुने लोक घरीच मिश्रण बनवत. कोडॅकचा डी-76 हा जगभर चाललेला डेव्हलपर. एक लिटर पाण्याला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि बोरॅक्स 2 ग्रॅम, एवढाच त्याचा मसाला. अडचण होती ती तापमानाची. हे काम 20 अंशांना व्हावं असं पुस्तक सांगतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, कधी सुटूनही येतो. म्हणून डेव्हलपरची बाटली रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची आणि रोल पहाटे धुवायचा. फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, म्हणजे हायपोत, तुरटी घालायची, की थर घट्ट होतो. गावाकडं गढूळ पाणी निवळायला जी तुरटी, तीच इथं फोटो वाचवायला कामी येई.

दुसरी अडचण पाण्याची. हायपो फिल्ममधून आणि कागदातून पुरता निघून जायला भरपूर पाणी लागतं, आणि दुष्काळी जिल्ह्यात वाहतं पाणी आणायचं कुठून? जिथं धुणं अपुरं राहिलं, तिथं फोटो काही वर्षांनी पिवळा पडला. आपल्या घरातल्या एखाद्या जुन्या फोटोवर पिवळट डाग दिसला, तर त्यामागं एखाद्या उन्हाळ्यातली पाणीटंचाईही असू शकते. आज मी घरी रोल धुतो तेव्हा इल्फर्ड कंपनीनं सांगितलेली पद्धत वापरतो. डब्यात पाणी भरून पाच वेळा उलटंपालटं करायचं, ते ओतून नव्या पाण्यात दहा वेळा, पुन्हा नव्या पाण्यात वीस वेळा. थोडक्या पाण्यात फिल्म स्वच्छ होते. ही साधी युक्ती त्या वेळी आमच्या गल्लीपर्यंत पोचायला हवी होती, असं फार वाटतं.

घड्याळवाल्याच्या टेबलावर पाहिलेली एक दुरुस्ती मला अजून पायरी-पायरीनं आठवते. स्टुडिओची याशिका आली होती. तिचा एक सेकंदाचा वेग अडकत होता. खटका दाबला की पाती उघडायची आणि उघडीच राहायची. त्यानं कॅमेरा कानाशी धरला. ठीक चाललेल्या शटरमध्ये एका सेकंदाला आतली दातेरी चाकं 'चर्रर्र' करत फिरतात. इथं तो आवाज मध्येच दम तोडत होता. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूचं कातडं त्यानं कोपऱ्या-कोपऱ्यातून उचललं, खालचे चार स्क्रू काढले. काढलेला प्रत्येक स्क्रू पांढऱ्या फडक्यावर गोलात मांडत गेला. पहिला बाराच्या जागी, दुसरा एकच्या, तिसरा दोनच्या. परत बसवताना उलट क्रमानं उचलायचे, म्हणजे चूक होत नाही. मग बारीक कुंचल्यानं पेट्रोलचा थेंब चाकांवर सोडला, खटका दाबला, पुन्हा थेंब, पुन्हा खटका. वाळलेलं तेल काळसर होऊन बाहेर आलं आणि चाकांचा आवाज मोकळा झाला. मला वाटलं, आता तो तेल घालेल. तो म्हणाला, "पात्याला तेल लावूस नको बाळा. तेल लावलं की पातं चिकटतंय. पातं कोरडंच पळतंय." यंत्र म्हटलं की तेल, असं डोक्यात बसलेल्या पोराला ते नवं होतं. आज जगभरातले कॅमेरा दुरुस्त करणारे हेच सांगतात. आमच्याकडे ते एका घड्याळवाल्याला अनुभवातून कळलेलं होतं.

एक गोष्ट मुद्दाम आठवायला हवी. कॅमेरा उघडून पाहणारे हात मराठी मुलखाला नवे नाहीत. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी जुना प्रोजेक्टर मिळवून त्यावरून सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास कॅमेरा तयार केलाच. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 मध्ये आला. परदेशी यंत्र विकत घ्यायला पैसा नव्हता म्हणून ते यंत्र समजून घेतलं गेलं. आमच्या घड्याळवाल्यानं बाबूरावांची ही गोष्ट ऐकली होती की नाही कोण जाणे, पण जात एकच होती: वस्तू उघडल्याशिवाय तिला आपली म्हणायचं नाही.

मग दिवस पालटले. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानं 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला होता, पण त्याची झळ आमच्यापर्यंत यायला तीस वर्षं लागली. नव्या शतकात लग्नाचे फोटो सीडीवर येऊ लागले, डार्क रूमच्या लाल दिव्याखाली कॉम्प्युटर आला, एन्लार्जरवर धूळ बसली. 2012 च्या जानेवारीत कोडॅकनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीचा कारखाना त्याआधीच खचला होता. घराघरांतले क्लिक थ्री आणि एमएफ-2 लोखंडी पेटीत, फडताळात, माळ्यावर गेले. पुष्कळसे भंगारात किलोवर विकले गेले. ज्या वस्तूला हात लावायची लहान पोरांना बंदी होती, ती पोरांना खेळायला दिली गेली.

आज तेच कॅमेरे परत येताहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हिंडलं, मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात चौकशी केली, तर अजूनही माल मिळतो. त्याहून मौजेचं म्हणजे गावाकडच्या नातेवाइकांना सांगून ठेवलं, तर भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या पेटीतून एखादा निघतोच. गुरुग्रामला आदित्य आर्य यांनी 'म्युझिओ कॅमेरा' हे कॅमेऱ्यांचं संग्रहालय उभं केलं आहे. 2024 मध्ये पेंटॅक्सनं 'पेंटॅक्स 17' हा नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. म्हणजे ही आवड चार म्हाताऱ्यांपुरती उरलेली नाही.

हे कॅमेरे उघडता उघडता आमच्या हवामानाचीही ओळख पटते. मुंबईहून किंवा कोकणातून आलेल्या लेन्सच्या आत बुरशीची पांढरी जाळी असते. ओल तिला पोसते. आमच्या कोरड्या हवेत बुरशी कमी, पण दोन वेगळी दुखणी असतात. एक धूळ, आणि दुसरं उन्हाळा. पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षं तापलेल्या कॅमेऱ्यात फोकसच्या रिंगमधलं ग्रीस पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरतं आणि तिथं वाळून डिंकासारखं बसतं. मागच्या झाकणाच्या कडेला प्रकाश अडवायला लावलेला फोम तर वितळून डांबर होतो. तो स्पिरिटनं खरवडून काढावा लागतो आणि खाचेत काळ्या लोकरीचा धागा नाहीतर मखमलीची पट्टी बसवावी लागते. लाइट मीटर असलेल्या कॅमेऱ्यांना आणखी एक अडचण. त्यांच्यासाठी पूर्वी 1.35 व्होल्टचे पाऱ्याचे सेल मिळत, ते आता पर्यावरणाच्या कारणानं बंद झाले. कानाच्या मशीनचा 675 नंबरचा सेल त्यांच्या जवळपासचा व्होल्टेज देतो. तो खाचेत घट्ट बसवला की चाळीस वर्षं झोपलेली मीटरची सुई हलते.

दुरुस्त झालेला कॅमेरा रोल न घालताच तपासायचा असतो. पाठचं झाकण उघडायचं, जिथं फिल्म बसते तिथं बटर पेपरचा तुकडा ताणून लावायचा आणि शटर उघडं ठेवून दूरच्या वस्तूकडं धरायचं. मी हातलाईच्या डोंगराकडं धरतो. कागदावर डोंगर उलटा उमटतो, झाडांची कड धारदार दिसली की लेन्स जागेवर आहे. शटरचा वेग पाहायला फोन कामी येतो. स्लो मोशनमध्ये पात्यांचं चित्रण केलं की ती किती वेळ उघडी राहिली हे मोजता येतं. घड्याळवाला हे कानानं ओळखायचा. फोननं माझं काम सोपं केलं, ते नाकारायचं कारण नाही. जपानी कॅमेऱ्याची दुरुस्तीची पुस्तिका आज घरबसल्या मिळते, कुरिअरनं सुटे भाग येतात, पोलंडमधला एखादा माणूस तेच शटर उघडून दाखवणारा व्हिडिओ टाकतो. एवढी साधनं त्या टपरीत असती, तर त्या उस्तादानं काय काय केलं असतं!

पण दोन गोष्टी आज महाग झाल्या. एक रोल. 36 फोटोंच्या रंगीत रोलला हजार रुपये किंवा त्याहूनही जास्त मोजावे लागतात, आणि तो धुवायला पुन्हा पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो. चाळीस वर्षांत आम्ही फिरून तिथंच आलो. दुसरी महाग गोष्ट म्हणजे उस्ताद. व्हिडिओ थांबवता येतो, मागे घेता येतो, पण तो माझा हात धरून 'इतका जोर नको' असं म्हणत नाही. हातातलं कसब हातातूनच पुढं जातं. स्टुडिओतले, घड्याळाच्या टपरीतले ते लोक आता सत्तरी-पंच्याहत्तरीला आलेत. निगेटिव्हवर पेन्सिलीनं देवीचे वण बुजवणारा माणूस, काळ्या-पांढऱ्या फोटोत कापसाच्या बोळ्यानं रंग भरणारा माणूस, यांच्याकडं जे आहे ते कुठल्याही पुस्तिकेत उतरलेलं नाही.

आणि मग त्या निगेटिव्ह. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली. सास्तूर आमच्याच जिल्ह्यातलं. तिथं भिंतीवरच्या तसबिरी भिंतींबरोबर गेल्या. अशा वेळी तालुक्याच्या स्टुडिओत पाकिटात ठेवलेल्या निगेटिव्हचं मोल काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी. गेलेल्या माणसाचा चेहरा तेवढ्या एका पट्टीवर उरलेला असू शकतो. आज आपण शेकड्यांनी फोटो काढतो आणि फोन बिघडला की एका क्षणात सगळे घालवतो. कोरड्या जागी ठेवलेली नीट धुतलेली काळी-पांढरी निगेटिव्ह दोन-तीन पिढ्या सहज टिकते, आणि ती वाचायला चार्जर लागत नाही. उजेडात धरली की पुरे.

जुना काळ सगळाच चांगला होता, असं मला म्हणायचं नाही. तेव्हा गरिबाघरचे कितीतरी चेहरे फोटोविनाच गेले. आज शेतमजुराच्या लेकराचे पहिल्या दिवसापासून फोटो असतात, ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही पावसाळ्यात नळदुर्गला बोरी नदीवरच्या पाणीमहालापुढं क्लिक थ्री घेऊन उभं राहिलं की फरक कळतो. पांढरंशुभ्र पाणी, काळा कातळ, आणि रोलवर उरलेले मोजके फोटो. नर-मादी धबधब्यांचा कुठला कोन घ्यायचा, ढग सरकायची वाट पाहायची की नाही, काळ्या दगडाचा तपशील सांभाळायचा की पाण्याचा, हे सगळं खटक्याआधी ठरवावं लागतं. आपणच उघडून साफ केलेल्या शटरचा आवाज येतो आणि आतली चाकं नीट फिरली हे कानाला कळतं. फोनवर शंभर फोटो काढून असं समाधान मला कधी मिळालेलं नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर कॅमेरा सापडला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. आधी पाठचं झाकण अंधारात उघडून हातानं तपासा. आत रोल असेल तर उजेडात उघडू नका, तो अजूनही धुता येतो. निगेटिव्हची पाकिटं ओलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा, आणि जमेल तेव्हा स्कॅन करून घ्या. तुमच्या गावात जुना स्टुडिओवाला किंवा कॅमेरा उघडणारा घड्याळवाला हयात असेल, तर घरातल्या एखाद्या जिज्ञासू पोराला किंवा पोरीला त्याच्याकडं चार संध्याकाळी पाठवा. कॅमेरे अजून पन्नास वर्षं मिळतील. ते उघडायला शिकवणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत.